पावसाआधी रस्त्याची पकड मोजा : रस्ते अभियंत्यांस खुले पत्र

प्रति,
राज्यातील रस्त्यांच्या कामांवर सही करणारे सर्व शाखा अभियंता, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता मित्र,

सप्रेम नमस्कार.

मी एका तंत्रनिकेतनात सत्तावीस वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली आणि त्यातली बहुतेक वर्षे महामार्ग हा विषय माझ्याकडे होता. तुमच्यापैकी काही जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. बाकीच्यांना माझ्यासारख्याच कुणीतरी तीच सूत्रे, त्याच क्रमाने शिकवली असणार. म्हणून हे पत्र तक्रारीच्या अर्जासारखे न वाचता, वर्गात जे सांगायचे राहून गेले ते उशिरा सांगणाऱ्या शिक्षकाचे पत्र म्हणून वाचावे, अशी विनंती आहे.

गेल्या आषाढात आमच्या शेजारचा एक तरुण डेअरीवर दूध घालून मोटारसायकलवरून परतत असताना घाटाच्या पायथ्याच्या वळणावर घसरला. मांडीचे हाड मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि आता तो काठी घेऊन चालतो. कागदोपत्री कारण नेहमीचेच लागले : ‘हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून’. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “काका, ब्रेक दाबला होता, पण गाडी थांबायचं नावच घेईना.” त्या रस्त्यावर एकही खड्डा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी तिथे नवे कार्पेट पडले होते आणि ‘रस्ता कसा लोण्यासारखा झालाय’ म्हणून आम्ही सगळ्यांनीच त्याचे कौतुक केले होते. त्या शब्दाने आता माझी झोप उडते. लोण्यासारखा रस्ता आपण मागितला, तुम्ही दिला, आणि पावसाळ्यात तो खरोखरच लोण्यासारखा वागला.

रस्ता सपाट असणे ही एक गोष्ट आहे आणि रस्त्याने चाकाला धरून ठेवणे ही दुसरी. सपाटपणा आपण मोजतो. बंप इंटिग्रेटर ओढून दर किलोमीटरला किती मिलिमीटर खडखडाट आहे याचा आकडा काढतो, तो ठरलेल्या मर्यादेत बसला की काम चांगले म्हणतो. पण खडखडाटाच्या आकड्यावरून पाठीला किती हादरे बसतील ते कळते, ओल्या वळणावर चाक थांबेल की नाही ते कळत नाही. काम संपल्यावर, बिल निघण्याआधी, ओल्या पृष्ठभागावरची पकड मोजून मोजमाप पुस्तिकेत लिहिली आहे असे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? नोकरीत असलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांना मी हे विचारले. त्यांच्या गप्प राहण्याने मला उत्तर मिळाले, आणि त्या गप्प राहण्यात माझाही वाटा आहे हे मला मान्य आहे, कारण घर्षणांक, म्हणजे पृष्ठभागाच्या पकडीचा आकडा, मी त्यांना सूत्रात घालायला शिकवला, रस्त्यावर जाऊन तपासायला शिकवला नाही.

त्या सूत्राकडेच एकदा परत जाऊ. भारतीय रस्ते परिषदेच्या, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, मानकांनुसार थांबण्यासाठी लागणारे दृष्टी-अंतर काढताना आपण चालकाला भान येऊन ब्रेक दाबण्यासाठी अडीच सेकंद धरतो आणि पृष्ठभागाचा घर्षणांक वेगानुसार ०.४० ते ०.३५ धरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला तो ०.३६ आहे. अडीच सेकंदांत वाहन सुमारे ४२ मीटर जाते, ब्रेक लागल्यावर आणखी ३९ मीटर जाते, आणि म्हणून ८० मीटरवरचे दिसले पाहिजे असे म्हणून आपण झाडे तोडतो, डोंगराचा कोपरा कापतो, वळण मोठे करतो. आता समजा, चाकांनी घासून गुळगुळीत झालेल्या चाकोरीवर पाऊस पडला आणि तो घर्षणांक ०.२० वर आला. तोच चालक, तोच वेग, तेवढेच सावध डोळे. पण आता ब्रेकचे अंतर ३९ ऐवजी ७१ मीटर होते. आपल्या आराखड्याप्रमाणे जिथे वाहन पूर्ण उभे राहायला हवे, तिथे ते अजून ताशी ४० किलोमीटरने पुढे सरकत असते. त्या जागी रस्ता ओलांडणारी म्हातारी असेल, एस.टी.ची वाट पाहणारी शाळेची मुले असतील किंवा बंद पडलेला ट्रॅक्टर असेल. पंचनाम्यात मात्र वेगच लिहिला जाणार.

वळणाचेही तसेच आहे. बाहेरच्या कडेची उचल आणि बाजूचे घर्षण मिळून वाहनाला वळणात धरून ठेवतात; त्यातले बाजूचे घर्षण आपण ०.१५ धरतो. ताशी ६० किलोमीटरसाठी सात टक्के उचल धरली तर वळणाची त्रिज्या सुमारे १३० मीटर येते. कागदावर हे चोख आहे. पण घर्षण हा आकडा कागदावर राहत नाही, तो दगडाच्या अंगावर राहतो, आणि दगड रोज झिजतो. उचल मोजता येते म्हणून आपण ती मोजतो. घर्षण मात्र एकदा गृहीत धरले की रस्त्याचे आयुष्य संपेपर्यंत गृहीतच राहते.

दगड कसा झिजतो हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. आपली जाती, पाटे, वरवंटे त्याच काळ्या पाषाणाचे आहेत ज्याची खडी आपण क्रशरवर फोडून रस्त्यात घालतो. माझी आजी वर्षातून एकदा पाथरवटाची वाट पाहायची, कारण जाते गुळगुळीत झाले की दाणा भरडत नाही, नुसता सरकतो. मग त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करून घ्यावे लागते. रस्त्यातल्या खडीचेही नेमके हेच होते. तिच्या अंगावरची बोटाला जेमतेम जाणवणारी बारीक खरखर ही चाकाच्या रबराला चिकटून धरणारी खरी पकड असते. लाखो चाके आणि त्यांच्याखालची बारीक धूळ मिळून ती खरखर पुसून टाकतात. डोळ्याला दगड चमकदार आणि सुंदर दिसू लागतो, आणि ती चमक ही धोक्याची पहिली खूण असते. अशा चकाकीला कोणता दगड किती टिकून विरोध करतो हे प्रयोगशाळेत तपासता येते. आपल्या भारतीय मानकात त्याची चाचणी आहे आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशीलात वरच्या थराच्या खडीसाठी किमान ५५ हा आकडाही आहे. खाणीतून येणाऱ्या खडीचा हा दाखला खरोखर मागवला जातो की जुनाच दाखला फाईलमध्ये फिरत राहतो, हे तुम्हालाच ठाऊक.

बारीक खरखरीखेरीज दुसरी एक खोली लागते, ती खडीखडीमधल्या फटींची. पाऊस पडल्यावर चाकाखालचे पाणी कुठे तरी निसटले पाहिजे. फटी खोल असतील आणि टायरच्या खाचा शिल्लक असतील तर ते निसटते. नसतील तर वेग वाढत जाईल तसे चाक पाण्याच्या पातळ थरावर उचलले जाते आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. अमेरिकेत नासाच्या लँग्ली केंद्रात १९६० च्या दशकात विमानांच्या धावपट्ट्यांसाठी यावर पुष्कळ काम झाले आणि चाक पाण्यावर कोणत्या वेगाला उचलले जाईल हे टायरमधल्या हवेच्या दाबावरून काढण्याचे साधे सूत्र तिथून आले. त्या सूत्राने पाहिले तर ३० पौंड दाबाच्या चाकासाठी तो वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो. हवा कमी असेल तर आणखी कमी. धावपट्ट्यांना आडव्या खाचा पाडण्याची पद्धत त्याच काळात रुजली. म्हणजे जात्याला टाकी लावण्याचीच ती मोठी आवृत्ती. द्रुतगती मार्गांच्या काँक्रीटवर, ते ताजे, न वाळलेले असताना, आपणही खाचा मारतो. पण त्या किती वर्षांत किती उरल्या आणि पुन्हा कधी पाडायच्या याचे वेळापत्रक मला कुठल्याही कामाच्या फलकावर कधी दिसले नाही.

मी त्या आषाढातल्या वळणावर नंतर गेलो. सोबत दोन जुने विद्यार्थी, एक मोजपात्र, चाळलेली कोरडी बारीक वाळू आणि एक रबर लावलेली लाकडी चकती. तुम्हा सर्वांना ही चाचणी माहीत आहे : मोजून ५० मिलिलिटर वाळू ओतायची आणि चकतीने गोल गोल फिरवत फटी भरतील तेवढी पसरायची. फटींची सरासरी खोली एक मिलिमीटर असेल तर वर्तुळ सुमारे २५ सेंटिमीटर व्यासाचे होते; खोली ०.३ मिलिमीटरच उरली असेल तर तीच वाळू ४६ सेंटिमीटरपर्यंत पसरते. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यावर वाळू लवकर थांबली. बाहेरच्या चाकोरीवर, जिथे प्रत्येक वाहन वळताना आणि ब्रेक लावताना सर्वांत जास्त रेटते तिथे, ती पसरतच गेली. त्या चाकोरीत ऊन लागून डांबर वर आले होते आणि खडी त्यात बुडाली होती. वाहतूक थांबवायला गावातल्या दोन पोरांनी दोरी धरली होती, त्यातल्या एकाने विचारले, “सर, हे कळायला एवढंच लागतं?” होय, निदान शंका यायला एवढेच लागते. पकडीचा नेमका आकडा काढायला ओल्या पृष्ठभागावर रबराचा तुकडा लावलेला लंबक सोडतात. जितकी पकड जास्त तितका तो पलीकडे कमी वर जातो. ते उपकरण एका पेटीत मावते आणि जगभर पन्नासहून अधिक वर्षे वापरात आहे. वाळूची चाचणी तर कुठल्याही उपविभागाच्या शाखेत दुपारच्या जेवणाआधी उरकता येईल.

पृष्ठभाग एकाच प्रकारे घसरडा होत नाही, हे वर्गात मी नेहमी सांगत असे, पण यादीसारखे सांगत असे. आता प्रत्येक प्रकाराला मी एखाद्या चेहऱ्याशी जोडून पाहतो. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा उन्हाळाभर साचलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या टायरचे रबर पाण्यावर तरंगते आणि पहिला तासभर रस्ता नंतरच्या मुसळधारेपेक्षाही फसवा असतो. देशावर काळ्या रानातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल शे-दोनशे मीटर सांडत जातात आणि संध्याकाळच्या झिमझिमीत तो साबणासारखा होतो. कोकणात आणि गोव्यात साइडपट्टीचा मुरूम आणि जांभ्याची लाल माती गटार तुंबले की वाहून वळणावर येते. गोव्याच्या खाणपट्ट्यात सांडलेल्या खनिजाच्या भुकटीचीही त्यात भर पडते. विदर्भाच्या उन्हात डांबर जास्त झाले असेल तर ते वर येऊन आरशासारखे पसरते. शहरात चौकातले पेव्हर ब्लॉक, गटाराची लोखंडी झाकणे, पुलाच्या सांध्यांच्या पट्ट्या आणि झेब्रा पट्ट्यांवर थरावर थर चढवलेला रंग, हे सारे दुचाकीचे चाक नेमके वळत किंवा थांबत असते तिथेच असतात. आणि खड्डे बुजवल्यावर झाडून न काढलेली सुटी बारीक खडी! तिच्यावरून घसरलेल्या माणसाला तर ‘खड्डा’ हा शब्दही वापरता येत नाही.

नव्या थराबद्दल एक गोष्ट खास सांगायची आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी कामे संपवण्याची धांदल असते. ताज्या डांबरी थरात खडीच्या अंगाला डांबराचा पातळ पापुद्रा असतो आणि रहदारीने तो झिजेपर्यंत दगडाची खरखर चाकापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे रस्ता सर्वांत नवा आणि आकर्षक दिसतो, चालकाचा पाय सर्वांत मोकळा होतो, तेव्हाच त्याची पकड पूर्ण आलेली नसते. मे महिन्यात थर टाकून जूनमध्ये घाट सोडून द्यायचा असेल, तर निदान काही आठवडे तिथे वेगमर्यादेचा आणि घसरडेपणाचा तात्पुरता फलक लावणे ही मोठी गोष्ट नाही. खड्डे बुजले की वेग वाढतो हे आपण सगळेच पाहतो. वाढलेल्या वेगाला पुरेल अशी पकड त्याच कामात दिली पाहिजे.

तुमच्याकडून येणारे उत्तर मला माहीत आहे आणि ते मी हलके मानत नाही. लोक झिजलेले टायर वापरतात, हेल्मेट घालत नाहीत, तिघे तिघे बसतात, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. सगळे खरे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रातली पंधरा हजारांहून अधिक. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या नावे लिहिले आहेत. मृतांत दुचाकीस्वार सुमारे ४४.५ टक्के होते. पण ‘अतिवेग’ म्हणजे कशाच्या मानाने अति? रस्त्याची पकड अर्धी झाली असेल तर कालचा सुरक्षित वेग आज अति ठरतो, आणि ते चालकाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. खड्डा निदान दिसतो. त्याच अहवालात खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंचा हिशेब वेगळा दिला आहे, म्हणून त्यावर बातम्या होतात, न्यायालये विचारणा करतात. घासून गेलेल्या पृष्ठभागाचा तसा रकाना मला त्यात सापडला नाही. ज्याला रकानाच नाही त्याला अंदाजपत्रकात पैसाही मिळत नाही.

टायर झिजलेला असतो म्हणूनच पृष्ठभाग अधिक चांगला हवा. खाचा नसलेल्या चाकाला पाणी काढून देण्याचे काम पूर्णपणे रस्त्यालाच करावे लागते. सुस्थितीतल्या नव्या गाडीला गुळगुळीत रस्ताही सांभाळून घेतो. दूधवाल्याच्या, गवंड्याच्या, अंगणवाडी सेविकेच्या जुन्या गाडीला तो सांभाळून घेत नाही.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९८८ पासून मुख्य रस्त्यांसाठी घसरण-विरोधाचे धोरण लागू आहे. पाणी फवारत चालणाऱ्या ट्रकला वीस अंशांनी तिरके लावलेले एक मोजणीचे चाक असते आणि ते रस्त्याची ओली पकड सलग नोंदवत जाते. मला त्यात सर्वांत शहाणपणाची वाटते ती गोष्ट यंत्राची नाही. प्रत्येक जागेला सारखाच आकडा लागत नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. सरळ, मोकळ्या मार्गाला कमी पकड चालते. तीव्र वळण, उतार, चौक आणि पादचारी ओलांडतात त्या जागेच्या अलीकडे ती जास्त लागते. आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की ती जागा आपोआप तपासणीच्या यादीत येते, तिथे कुणी मरण्याची वाट पाहिली जात नाही. आपल्याकडे अपघातप्रवण ठिकाण ठरवण्याची व्याख्या पाहा : ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. दहावे प्रेत पडेपर्यंत दगड तर कधीच गुळगुळीत झालेला असतो.

सगळा महाराष्ट्र एका वर्षात मोजा असे मी म्हणत नाही. आंबोली, ताम्हिणी, आंबेनळी, वरंधा, करूळ अशा पावसाच्या घाटांपासून सुरुवात करा; तिथली वळणे मोजकी आहेत आणि तुमच्या मुकादमाला तोंडपाठ आहेत. त्यानंतर शाळा आणि आठवडी बाजाराच्या अलीकडचे उतार घ्या. दर वर्षी वैशाखात एकदा आणि पाऊस उघडल्यावर एकदा लंबकाचा आकडा मोजमाप पुस्तिकेत चढवा. कामाच्या फलकावर रक्कम, ठेकेदार आणि दोषदायित्व कालावधी (दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) लिहिता, त्याच्याच खाली एक ओळ पकडीची लिहा, म्हणजे गावातल्या माणसालाही विचारता येईल. अंतिम देयकावर सही करण्यापूर्वी सुटी खडी झाडून घेतली की नाही ते स्वतः पायी चालून पाहा. जिथे आकडा खाली आला आहे तिथे अख्खा रस्ता उकरण्याची गरज नसते; काँक्रीटवर पुन्हा खाचा पाडता येतात, डांबरावर कठीण, न झिजणाऱ्या खडीचा पातळ थर देता येतो, आणि चौकाच्या अलीकडच्या पन्नास-साठ मीटरांत भाजलेल्या बॉक्साइटची कच राळेत बसवून पकड कित्येक पटींनी टिकाऊ करता येते. ही पद्धत महाग आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच ती जागा निवडून वापरायची असते.

अपघात झाल्यावरही तुमचे काम उरते. ई-डार या अपघात नोंदणी प्रणालीत पोलिसांच्या पानाबरोबर रस्त्याच्या यंत्रणेने भरायचे पानही आहे. ते कार्यालयात बसून भरू नका. पाऊस पडत असताना जागेवर जा, वाळू आणि लंबक घेऊन जा, आणि जे दिसेल ते लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९८-अ या कलमाने रस्त्याच्या आराखड्यात, बांधणीत किंवा देखभालीत मानके न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला, सल्लागाराला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. या कलमाची भीती घालण्यासाठी मी ते लिहीत नाही. ज्या अभियंत्याने पकड मोजून लेखी दिली आणि दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला, त्याच्यासाठी तीच नोंद उद्या सर्वांत मोठे संरक्षण असेल, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

आपल्या क्षेत्राला मराठी माणसाचा वारसा आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली, आणि १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांनी नागपुरात बसून देशाची पहिली वीस वर्षांची रस्ते योजना आखली. त्या लोकांपुढे प्रश्न रस्ता पोहोचवण्याचा होता. तुमच्या पिढीपुढे पोहोचलेल्या रस्त्यावरून माणूस घरी परत येण्याचा आहे.

माझ्याकडे मोजपात्र आहे, चाळलेली वाळू आहे, एका स्नेह्याकडून मिळालेला जुना लंबक आहे आणि हाताखाली चार उत्साही विद्यार्थी आहेत. तुमच्यापैकी ज्या कुणाला आपल्या हद्दीतल्या एखाद्या वळणाची शंका असेल त्याने निरोप द्यावा. जाण्यायेण्याचा खर्च आमचा. आमच्या पायथ्याच्या वळणाची मोजणी आम्ही यंदा ज्येष्ठ लागण्याआधी पुन्हा करणार आहोत. संबंधित शाखा अभियंत्यांना दिवस कळवला आहे, आणि काठी घेऊन का होईना, तो तरुणही दोरी धरायला येणार आहे.

आपला नम्र,
स्थापत्य अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक